वाचक कुठे उभा असतो? नाशिकच्या एका लेखन कार्यशाळेचे दोन रविवार

गेल्या फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकाच्या बागेत गेलो होतो. थॉमसन जातीच्या द्राक्षाचा प्लॉट, माल उतरायला आलेला, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना पेपर लावलेले. ओळीतून वाकून चालताना एका घडापाशी थांबलो. बाकी सगळीकडे रद्दीचे पेपर, इथे मात्र पांढरा कागद, दोन पानं जोडून पिन मारलेली, आणि वर माझ्या दुकानाचं नाव. खाली ठळक अक्षरांत ‘जानेवारी महिन्यातील द्राक्षबाग व्यवस्थापन’. तीन रात्री जागून लिहिलेलं माझं पत्रक. पुढच्या घडाला तेच. त्याच्या पुढच्याला पण तेच.

“आण्णा, हे वाचलं का?” मी विचारलं.

“कागद झकास आहे भाऊ,” आण्णा म्हणाले. “पुढच्या महिन्याचं जरा जास्त द्या.”

निफाड तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बीएस्सी ॲग्री केलं, नोकरी केली नाही, दुकान टाकलं. दोन वर्षांपासून दर महिन्याला दोन पानी पत्रक काढतो, चारशे प्रती. काउंटरवर ठेवतो, औषधाच्या पिशवीत टाकतो, आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो. कुणी सांगितलं नव्हतं, हौस आहे. छपाईचा खर्च खिशातून. बायको म्हणते, यापेक्षा दारूचं व्यसन स्वस्त पडलं असतं.

तर ‘वाचक ओळखून लिहा’ अशा विषयावर नाशकात दोन रविवारची कार्यशाळा आहे असं कळलं, आणि आण्णांच्या बागेतला तो पांढरा कागद डोळ्यांपुढे आला. ३,२०० रुपये भरले. त्या ३,२०० रुपयांचं काय झालं, ते सांगतो. कार्यशाळेचं आणि घेणाऱ्यांचं नाव टाकत नाही. एका सत्राबद्दल जे लिहिणार आहे ते त्यांना तोंडावर सांगून झालंय, आता नावानिशी चव्हाट्यावर मांडायची गरज नाही.

आधी सोयीगैरसोयी उरकून घेतो. गंगापूर रोडच्या बाजूला पहिल्या मजल्यावरचा हॉल, सकाळी दहा ते पाच. आम्ही बावीस जण. चहा दोनदा, जेवण आतच. पहिल्या रविवारी पुलाव-कढी, थंड. दुसऱ्या रविवारी मिसळ, आणि ती मात्र तर्रीसकट व्यवस्थित. नाशकात मिसळ बिघडवून दाखवणं तसं अवघडच आहे. गाडी लावायला जागा नाही. माझी पिकअप दोन गल्ल्या सोडून लावली, परत आलो तेव्हा समोर कुणीतरी स्कूटर आडवी घालून गेलेला.

आणि तारखा! नोव्हेंबरातले दोन रविवार. द्राक्षपट्ट्यातल्या दुकानदाराला नोव्हेंबरात रविवार नसतो. या वर्षी पाऊस लांबलेला, बागा फुलोऱ्यात, जो तो डावणी रोगाच्या धास्तीने सकाळी सातला दुकानाच्या शटरपुढे उभा. धाकट्या भावाला काउंटरवर बसवून मी नाशकात ‘वाचकाला ओळखा’ ऐकायला आलो. ज्यांनी वाचक ओळखायला शिकवायचं त्यांनी गिऱ्हाईक ओळखलं नव्हतं, असं मी पहिल्याच चहाला म्हणून टाकलं. पण खरं सांगायचं तर बावीसमध्ये शेतीशी संबंध असलेला मी एकटाच होतो. बाकी एक फिजिओथेरपिस्ट ताई, एक वकील, पंचवटीत लॉज चालवणारे काका, मिसळीवर लिहिणारा एक तरुण, दोन शिक्षिका, विमा विकणारे दोघे, आणि बाकीचे मला नीट आठवत नाहीत.

पहिलं सत्र मॅडमचं. वर्तमानपत्रात जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढलेल्या. आवाज बारीक, पण माणूस बोलायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची सवय, त्यामुळे थापा मारता येत नाहीत. त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. तुमचा वाचक कोण, असा नाही. “तुमचं लिखाण वाचताना तुमचा वाचक कुठे उभा असतो?”

माझी पाळी आली. मी म्हटलं, “शेतकरी आहे मॅडम. द्राक्ष बागायतदार.”

“ते झालं कोण. कुठे उभा आहे?”

“बागेत.”

“बागेत कुठे? हातात काय आहे?”

आता मला चित्र दिसायला लागलं. सकाळचे साडेसहा. ट्रॅक्टर उभा, मागे फवारणीच्या ब्लोअरची सहाशे लिटरची टाकी, पाणी पडतंय. आण्णांच्या एका हातात औषधाची पुडी, दुसऱ्या हातात काठी. मोबाइल ट्रॅक्टरच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कारण हात ओले आणि औषधाचे. चष्मा घरी. अशा माणसाला मी ‘द्राक्षवेलीवरील केवडा रोगाचे एकात्मिक व्यवस्थापन’ वाचायला देत होतो, दहा पॉइंटच्या अक्षरात.

“मग तो वाचतच नाही,” मी म्हटलं.

“मग कोण वाचतं?” मॅडमनी विचारलं.

मला उत्तर आलं नाही. बारा वर्षं त्या माणसांशी रोज बोलतोय, कुणाची उधारी किती, कुणाच्या पोराचं लग्न कुठे अडलंय, सगळं पाठ. पण माझा कागद घरी गेल्यावर कुणाच्या हातात जातो, हे माहीत नव्हतं.

या सत्रात मॅडमनी थोडा इतिहासही सांगितला, आणि तो नुसता भरताड नव्हता. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं तेव्हा एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी असा मजकूर असायचा. म्हणजे आपले वाचक दोन आहेत, आणि ते दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेत, हे पहिल्याच मराठी वर्तमानपत्राला ठाऊक होतं. पुढे १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केलं, ते शेतकरी-कष्टकऱ्यांची बाजू मांडायला. आणि आपल्या नाशकात दादासाहेब पोतनीसांनी वर्तमानपत्राला नाव दिलं ‘गावकरी’. मॅडम म्हणाल्या, “नावातच वाचकाला हाक मारलीय बघा.” लॉजवाले काका म्हणाले, ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडलं आणि त्याच साली आपलं सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. या वाक्यावर त्यांना टाळ्या मिळाल्या. काकांना बहुतेक टाळ्यांसाठीच फी भरायची होती.

दुपारचं सत्र बाहेरून आलेल्या एका सरांचं, आणि इथे माझी तक्रार आहे. सरांनी प्रत्येकाला एक छापील फॉर्म दिला. ‘तुमचा आदर्श वाचक’. नाव द्या, वय द्या, शिक्षण, उत्पन्न, छंद, आवडता रंग, आवडता अभिनेता. पाऊण तास सगळे फॉर्म भरत बसलेले. मी लिहिलं : वय ३५, पदवीधर, प्रगतिशील, ठिबकवाला, निर्यात करणारा, स्मार्टफोन वापरणारा, छंद वाचन. सरांनी माझा फॉर्म सगळ्यांना वाचून दाखवला आणि “एक्सलंट” म्हणाले. मला लाज वाटली, कारण असा माणूस माझ्या उधारीच्या वहीत एकही नाही. असा माणूस असताच तर तो माझ्याकडे कशाला आला असता, त्याने थेट सल्लागार लावला असता. हा फॉर्म भरून मी पुन्हा स्वतःचाच फोटो काढला होता. शेजारच्या वकीलसाहेबांनी त्यांच्या वाचकाचा आवडता रंग ‘पांढरा आणि काळा’ असा लिहिला.

सरांची एक गोष्ट मात्र घेतली. नील्सन नॉर्मन ग्रुप नावाच्या संस्थेने २००६ मध्ये २३२ लोकांच्या नजरेचा माग काढला होता. पडद्यावर वाचताना लोकांची नजर वरची ओळ आडवी वाचते, मग खाली येऊन अर्धीच ओळ, आणि मग डाव्या कडेने सरळ खाली घसरत जाते. म्हणजे ओळीचे पहिले दोन-तीन शब्द काय ते खरे. मी मनातल्या मनात माझ्या चोवीस पत्रकांची पहिली ओळ आठवली. चोवीसच्या चोवीस : ‘नमस्कार शेतकरी बंधूंनो’.

संध्याकाळी मॅडमनी आठवड्याचं काम दिलं, आणि माझ्या मते ३,२०० रुपयांपैकी तीन हजार त्या कामाचे आहेत. पाच खऱ्या वाचकांकडे जा. तुमचा छापलेला मजकूर हातात द्या, मोठ्याने वाचायला सांगा. आणि तुम्ही गप्प बसा. समजावायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, “म्हणजे मला असं म्हणायचं होतं” हे वाक्य तर तोंडातून काढायचं नाही. फक्त कुठे अडखळतात, कुठे उडी मारतात, कुठे हसतात, ते लिहून आणा.

सोपं वाटलं ना? मंगळवारी संध्याकाळी आण्णांकडे गेलो. आण्णांनी पत्रक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि आत हाक मारली. वहिनी पीठ झाडत बाहेर आल्या. कागद त्यांच्या हातात गेला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फवारणीची नोंदवही वहिनी लिहितात. निर्यातीच्या प्लॉटला कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, काढणीला किती दिवस बाकी, सगळी नोंद लागते. २०१० मध्ये सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ती आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे. ज्या घरात नोंदवही, त्या घरात ती बाईच्या हातात. आण्णांना मी तोंडी सांगतो तेवढं पुरतं. कागद वाचणार त्या वहिनी.

वहिनींनी वाचायला सुरुवात केली. “नमस्कार शेतकरी बंधूंनो.” थांबल्या. “आम्ही काय बंधू का?” आण्णा हसले. मी नियमाप्रमाणे गप्प.

“नोव्हेंबर महिन्यात केवडा रोगाचा प्रादुर्भाव... केवडा म्हणजे?”

आण्णा म्हणाले, “डावणी.”

“मग डावणी लिहा ना. केवडा म्हटल्यावर मला गणपती आठवला.”

मी गप्प. गप्प बसणं किती अवघड असतं, हे बारा वर्षं काउंटरवर बोलून पोट भरणाऱ्या माणसाला विचारा. पुस्तकात केवडाच आहे, परीक्षेत केवडाच लिहिला होता, आणि दुकानात मात्र मी दिवसभर डावणीच म्हणतो. लिहायला बसलो की माझ्या अंगात कॉलेजचा प्राध्यापक शिरतो.

पुढे भुरी रोगासाठी पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाचं प्रमाण होतं, ‘२ ग्रॅम प्रति लिटर’. वहिनी थांबल्या, पेन घेतलं, कागदाच्या कडेला गुणाकार केला. सहाशे गुणिले दोन, बाराशे. “टाकीला सव्वा किलोच्या आत, असं नाही का लिहिता येत? सकाळच्या घाईत हे लिटरचं गणित चुकलं म्हणजे?” खरंच, चुकलं म्हणजे? एकतर औषध वाया, नाहीतर पानं भाजणार, आणि दोष दुकानदाराला.

मग त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, काहीतरी शोधत होत्या. न राहवून विचारलं, काय बघताय.

“दिवस कुठे आहेत?”

“कसले दिवस?”

“आमचा प्लॉट एक्कावन्न दिवसांचा आहे. यात एक्कावन्न दिवसांचं काय सांगितलंय?”

द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे फळछाटणी झाली की बागेचं घड्याळ नव्याने सुरू होतं. पोंगा, दोडा, फुलोरा, मणी सेटिंग, थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं, मण्यात पाणी उतरणं, सगळं छाटणीपासूनच्या दिवसांवर मोजतात. दोन द्राक्षवाले भेटले की तारीख विचारत नाहीत, “किती दिवसांची झाली?” विचारतात. एकाच गावात आण्णांनी २० सप्टेंबरला छाटणी घेतली, शेजारच्याने १५ ऑक्टोबरला. १० नोव्हेंबरला आण्णांचा प्लॉट ५१ दिवसांचा, शेजारच्याचा २६ दिवसांचा. आण्णांच्या बागेत मणी सेट झालाय, शेजारी अजून फुलोऱ्याची वाट बघतोय. वर सटाण्याकडे अर्लीवाले जुलै-ऑगस्टलाच छाटून बसलेले, त्यांचं गणित आणखी निराळं. आणि मी दोन वर्षं या सगळ्यांना मिळून एकच कागद देत होतो, ‘नोव्हेंबर महिन्यातील व्यवस्थापन’. नोव्हेंबर हा द्राक्षाला कळणारा शब्दच नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही! काउंटरवर गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न तोच असतो, किती दिवसांची बाग. फक्त लिहिताना विचारायचं सुचलं नव्हतं.

बाकीच्या चौघांकडेही गेलो. तिघांकडे थोड्याफार फरकाने हेच. एका घरी कॉलेजातल्या मुलाने सगळं घडाघडा वाचलं, एकदाही अडखळला नाही, आणि वाचून झाल्यावर काय वाचलं ते सांगता आलं नाही.

एक उलटं उदाहरण मात्र सांगायला हवं, नाहीतर वाटेल की लोकांना फक्त टाकीचा हिशोब हवा असतो. मागे एका अंकात मी बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाची गोष्ट लिहिली होती. फ्रान्समध्ये बोर्डोच्या भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना मारायचे, रोगासाठी नाही, चोरांसाठी. निळसर डाग बघून वाटसरूने द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की जिथे हा रंग मारलाय तिथली पानं डावणीने गळत नाहीत, आणि १८८५ मध्ये त्याने ते जगाला सांगितलं. माझी समजूत होती की ही माझी स्वतःची चैन आहे, कुणाला काय पडलंय. तर आण्णांनी, ज्यांनी माझं एक पत्रक वाचलेलं नाही, त्यांनी वहिनींकडून ही गोष्ट ऐकून गावभर केली होती. पारावर सांगताना फ्रान्सचं ओझर झालं होतं आणि प्राध्यापकाचा तलाठी, पण चोर आणि मोरचूद शाबूत.

दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी आपापलं पोतडं उघडलं. हे सत्र दोन तासांचं ठरलं होतं, चार तास चाललं, आणि मॅडमनी ते थांबवलं नाही, याबद्दल त्यांना वेगळे गुण. लॉजवाले काका या वेळी टाळ्यांच्या नादात नव्हते. २०२७ च्या सिंहस्थासाठी त्यांनी आत्तापासून माहितीपत्रक केलं होतं, त्यात रामकुंडाचं माहात्म्य, काळारामाचा इतिहास, गोदावरीची कथा, चार रंगांत. पाच जणांशी बोलल्यावर कळलं की खोली ठरवणारा माणूस नाशकात येणारच नाही. तो मुलगा आहे, पुण्यात किंवा बंगळुरात नोकरीला, आणि आई-वडिलांसाठी फोन करतोय. त्याला माहात्म्य आईकडून लहानपणीच ऐकून पाठ आहे. त्याला हवंय : खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, कमोड आहे का, आणि घाटापर्यंत किती चालावं लागेल. काका म्हणाले, “मी देवाचं लिहीत होतो, त्याला आईच्या गुडघ्यांचं हवं होतं.” फिजिओथेरपिस्ट ताई तिथल्या तिथे म्हणाल्या, “काका, हे वाक्य मला द्या.”

मिसळवाल्या तरुणाचंही तसंच. मिसळ पहिल्यांदा कुठे झाली, यावर त्याने महिनाभर शोध घेतला होता. लोकांनी त्याला विचारलं, रविवारी किती वेळ थांबावं लागतं, गाडी लावायला जागा आहे का, आणि आजीला तिखट चालत नाही तर तिने काय खायचं. पोरगा जरा हिरमुसला होता. पण या पोराने मला एक गोष्ट फुकटात शिकवली. मी व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून मजकूर पाठवतो. त्याने विचारलं, “काका, त्या सगळ्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय का?” ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला आहे त्यालाच पोचतो, हे मला माहीतच नव्हतं. मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली. यादीत १८० जण, पोचलेला नव्वदच्या आसपास. म्हणजे दोन वर्षं निम्म्या लोकांना मी मनातल्या मनात लिहीत होतो. आता बिलावर शिक्का मारतो : ‘हा नंबर सेव्ह करा, सल्ला येईल.’ हे खरं तर कार्यशाळेत शिकवायला हवं होतं, शिकवलं चहाच्या टपरीवर.

पाठवण्याची वेळही बदलली. मी दुकान बंद करून रात्री दहाला पाठवायचो, कारण मला तेव्हा वेळ असतो. शेतीची लाइट रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात माणूस मोटारीपाशी, नसेल तर झोपलेला. आता सकाळी अकराला पाठवतो. फवारणी आटपलेली असते, कुणी पिंपळगावला टोमॅटोच्या लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलेला असतो, वहिनी मंडळींची भाकर झालेली असते.

डिसेंबरचं पत्रक नव्या पद्धतीने काढलं. ‘नमस्कार बंधूंनो’ गेलं. पहिली ओळ : ‘छाटणी कधीची? आपल्या रकान्यात बघा.’ खाली तीन रकाने, ४० ते ५५ दिवस, ५५ ते ७०, ७० च्या पुढे. केवडा गेला, डावणी आली. प्रमाण टाकीला, लिटरचं बारीक अक्षरात खाली. अक्षर चौदा पॉइंट, त्यामुळे निम्मा मजकूर कापावा लागला, आणि कापताना जीव तुटला. कोपऱ्यात बोर्डोसारखी एक गोष्ट, चार ओळींची. वहिनींच्या सांगण्यावरून मागची बाजू जवळजवळ कोरी, तारीख, औषध, प्रमाण अशा रेघा मारलेली, नोंद लिहायला. छापणारा म्हणाला, कोरा कागद छापायचे पैसे देताय का. दिले.

पंधरा दिवसांत अकरा जण तो कागद हातात घेऊन दुकानात आले. ही काही मोठी संख्या नाही, पण आधीच्या दोन वर्षांची बेरीज शून्य होती. त्यातल्या आठ बाया होत्या. एका जणीने माझ्या रकान्यातली चूक दाखवली, ७० दिवसांच्या पुढच्या बागेला मी अजून थिनिंग सांगितलं होतं. चूक काढली म्हणजे वाचलं, असा मी स्वतःचा समज करून घेतलाय, पण मान खाली गेलीच.

आता शेवटचा हिशोब. मॅडमची सत्रं पाचपैकी पाच. दुपारच्या फॉर्मवाल्या सरांना दीड, तोही त्या नजरेच्या अभ्यासामुळे. त्यांना मी म्हटलं, फॉर्म आठवडाभर हिंडून आल्यावर भरायला द्या, आधी नको. ते म्हणाले, विचार करतो. व्यवस्था अडीच. पावती मागून घ्यावी लागली. पैसे वसूल झाले का? माझे झाले, कारण मी पाच घरं फिरलो. विमावाल्या दोघांनी गृहपाठ केला नव्हता, त्यांचे सहा हजार चारशे पुलावातच गेले. ज्याला शब्दांची सजावट, शैली वगैरे शिकायचंय त्याने जाऊ नये, तसलं तिथे काही नाही. व्हॉट्सॲप-मोबाइलचं तांत्रिक ज्ञानही नाही, ते मिसळवाल्या पोराकडून घ्यावं.

निघताना मॅडमना म्हटलं, एक बॅच आमच्याकडे घ्या, पिंपळगावला. पण नोव्हेंबरात नको, जूनमध्ये घ्या. खते-औषधवाले येतील, सल्लागार येतील, नोंदवहीवाल्या बाया पण येतील.

मॅडमनी वही काढली. “जूनमध्ये बाग किती दिवसांची असते?”

मी म्हटलं, खरडछाटणी, म्हणजे माल निघाल्यावरची छाटणी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धरली तर साठ-सत्तर दिवसांची. शेंडे मारून झालेले असतात, काडी पिकायला लागलेली असते, माणूस त्यातल्या त्यात मोकळा असतो. त्यांनी ‘साठ-सत्तर’ लिहून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, ‘एप्रिल छाटणी’.